होडीतला तिसरा

इंग्रजी कवींच्या मरणकथांमध्ये शेलेच्या मरणाइतकी सजवलेली कथा दुसरी नसेल. ८ जुलै १८२२ रोजी इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हियारेज्जो गावासमोरच्या समुद्रात त्याची शिडाची होडी बुडाली. तिसावा वाढदिवस अवघ्या महिन्याभरावर आला होता. खिशात कीट्सच्या कवितांचे पुस्तक, वाचता वाचता उलटे दुमडून घाईने कोंबलेले. वाळवंटावर रचलेली चिता, तिच्यात न जळलेले हृदय, आणि रोमच्या दफनभूमीतील शिळेवर 'हृदयांचे हृदय' अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द. नाटककाराने बेतावे असे सारे जमून आले आहे. बेळगावच्या कॉलेजात मी तीस-बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. अभ्यासक्रमात 'ओझिमँडियस' असो की चंडोलावरची कविता, कवीचे चरित्र सांगताना ही कथा आली की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबत असे.

पण कथा जितकी सुंदर तितके तिच्यातून काही ना काही गळून पडते. हा लेख शेलेच्या कवितेवर नाही. तो त्या होडीवर, त्या होरपळत्या उन्हाळ्यावर आणि होडीतल्या तीन माणसांवर आहे. तीन, हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. कारण कथेत बहुधा एकच मरतो, फार तर दोन.

शेलेने १८१८ साली इंग्लंड सोडले ते कायमचे. डोक्यावर कर्ज होते, नास्तिक म्हणून बदनामी झाली होती, पहिल्या पत्नीच्या आत्महत्येनंतर तिच्या दोन्ही मुलांचा ताबा न्यायालयाने नाकारला होता. १८२० पासून त्याचा मुक्काम मुख्यतः पिसा शहरात होता. तिथे त्याच्याभोवती जी मंडळी जमली, त्यांतल्या अनेकांचे धागे आपल्या देशाशी जुळलेले होते, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. शेलेचा चुलतमावसभाऊ टॉमस मेडविन हिंदुस्थानातल्या घोडदळात नोकरी करून आला होता. शेलेचे 'रिव्होल्ट ऑफ इस्लाम' हे काव्य आपल्याला मुंबईतल्या एका पुस्तकांच्या दुकानात सापडले, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचा तिथला मित्र एडवर्ड विल्यम्स हा तर हिंदुस्थानातच जन्मलेला. पोरवयात थोडे दिवस नौदलात आणि मग हिंदुस्थानातल्या लष्करात. त्याची सहचरी जेन हिचेही काही बालपण इकडेच गेले होते. मेडविन तो उन्हाळा येण्यापूर्वीच पिसाहून निघून गेला. विल्यम्स आणि जेन मात्र शेलेच्या घरातलेच होऊन राहिले.

जानेवारी १८२२ मध्ये या मंडळींत एडवर्ड ट्रेलॉनी येऊन दाखल झाला. उंचापुरा, काळ्या मिशांचा, बोलण्यात पटाईत. मुंबईच्या बंदरात नौदलातून पळालो आणि मग हिंदी महासागरात चाचेगिरी केली, असे तो सांगे. पुढे १८३१ साली त्याने त्यावर मोठे पुस्तकही लिहिले. हा पलायनाचा आणि चाचेगिरीचा भाग बनावट असून तो त्या काळात मुकाट्याने नौदलातच नोकरी करीत होता, हे विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी नौदलाच्या दप्तरावरून दाखवून दिले आहे. शेलेच्या मृत्यूचा प्रमुख साक्षीदार हाच गृहस्थ आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

ट्रेलॉनीने येताच होडीचे वेड सगळ्यांच्या डोक्यात भरले. जिनोव्हा बंदरात त्याचा मित्र कॅप्टन डॅनियल रॉबर्ट्स होता. त्याच्या देखरेखीखाली दोन होड्या बांधायच्या ठरल्या. बायरनसाठी मोठी, तक्तपोशीची 'बोलिव्हार'. शेले-विल्यम्ससाठी लहान, उघडी. विल्यम्सने स्वतः एक आराखडा आणला होता. त्यावर रॉबर्ट्स आणि तिथले कारागीर नाखूश होते, पण विल्यम्स हटला नाही, असे ट्रेलॉनी म्हणतो.

उन्हाळ्यासाठी घर शोधले ते लेरिचीजवळच्या सान तेरेंझो या कोळ्यांच्या गावी. नाव कासा माग्नी, म्हणजे 'माग्नीचे घर'. घर कसले, ते समुद्रावरच उभे होते. तळमजला होड्या आणि जाळी ठेवण्याचा. भरतीच्या लाटा त्याच्या कमानींत शिरत. वरच्या मजल्यावर चार-पाच खोल्या आणि त्यांत शेले कुटुंब, विल्यम्स कुटुंब, दोन्हींची मुले, मेरीची सावत्र बहीण क्लेअर आणि आपसांत भांडणारे नोकर. वाणसामान आणायला साडेतीन मैलांवरचे सार्झाना गाठायचे, मध्ये माग्रा नदी. वाऱ्याच्या दिवशी घरात बसूनही जहाजावर असल्यासारखे वाटे, असे मेरीने नमूद केले आहे. १२ मे रोजी होडी आली तेव्हा या घराचे दुसरे अंगण पाण्यावर तयार झाले. शेले आणि विल्यम्स दिवसाचा मोठा भाग होडीतच काढू लागले. उकाड्याच्या खोल्यांपेक्षा शिडाची सावली बरी; शेलेने शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या दीर्घकाव्याचा बराचसा भाग या होडीत बसून लिहिला. संध्याकाळी जेन गिटार घेऊन येई आणि चांदण्यात होडी आखातात हिंडत राही.

होडीची मूळ लांबी सुमारे २४ फूट, रुंदी ८ फूट, किंमत ८० पौंडांच्या घरात, डोलकाठ्या दोन. तळाशी दोन टन लोखंडाचा भार घातल्याशिवाय ती धड उभी राहत नसे. मोठ्या शिडावर बायरनच्या हट्टाने 'डॉन जुआन' हे त्याच्या काव्याचे नाव रंगवलेले होते. ते पाहून शेले संतापला. दोघा मित्रांनी टर्पेंटाइनपासून दारूपर्यंत सारे उपाय करून अक्षरे घासली. ती जाईनात तेव्हा शिडाचा तेवढा तुकडाच कापून नवा जोडला.

होडी जिनोव्हाहून आणली ती दोन इंग्रज खलाशांनी आणि त्यांच्याबरोबरच्या एका पोराने. दोन्ही खलाशांना परत पाठवण्यात आले. पोरगा ठेवून घेतला. त्याचे नाव चार्ल्स व्हिव्हियन, वय १८.

इथे वर्गातला एक प्रसंग सांगितला पाहिजे. आमच्या कॉलेजात कोकणपट्टीतून थोडे विद्यार्थी येत. त्यांतल्या मालवणकडच्या एका मुलाने ही कथा ऐकून विचारले, "सर, दोघे साहेब होडीत, एक कविता लिहितोय, एक रोजनिशी लिहितोय. मग शिडं उतरवत कोण होतं?" वर्ग हसला. मी त्या दिवशी घरी जाऊन पुस्तके पुन्हा उघडली. होडी ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे तोच हा प्रश्न विचारू शकतो. शेलेला पोहता येत नव्हते. सुकाणू हातात असतानाही दुसऱ्या हातात पुस्तक असे. विल्यम्सचा नौदलातला अनुभव पोरवयातला, तोही मोठ्या जहाजावरचा. या किनाऱ्याची माहिती असलेला एखादा जिनोव्ही खलाशी बरोबर घ्या, असे ट्रेलॉनीने सुचवले तर विल्यम्सला तो आपला अपमान वाटला. तेव्हा शिडे सोडायला, बांधायला, ऐन वेळी दोऱ्यांवर धावायला जाणते हात होते ते त्या अठरा वर्षांच्या पोराचे.

आपल्या किनाऱ्याची माणसे जुलै महिना ऐकूनच दचकतील. वेंगुर्ले-मालवणकडे त्या दिवसांत होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याखेरीज शिडाला कोणी हात लावीत नाही. भूमध्य समुद्राचे गणित नेमके उलटे. तिथे पाऊस आणि वादळे हिवाळ्याची. उन्हाळा कोरडा, आकाश निळे, वारा मंद. म्हणून हौशी माणसे तिथे उन्हाळ्यातच होडीवर राहायला जातात. पण हा शांतपणा फसवा असतो. दिवसचे दिवस जमीन आणि पाणी तापत राहते, हवा गुदमरते आणि मग एखाद्या दुपारी अर्ध्या-पाऊण तासापुरते असे वादळ उठते की त्याची वर्दी द्यायलाही वेळ मिळत नाही. आपला समुद्र चार महिने आधीच दार लावून घेतो. तिथला समुद्र दार सताड उघडे ठेवतो.

१८२२ चा उन्हाळा असाच चढत गेला. पाऊस नाही. जुलैच्या आरंभी पावसासाठी धर्मगुरूंच्या मिरवणुका निघत होत्या, अशी नोंद विल्यम्सच्या रोजनिशीत आहे. जूनमध्ये 'बोलिव्हार' लेरिचीला आली आणि तिची ऐट पाहून आपली होडी दोघांनाही खुजी वाटू लागली. मग रॉबर्ट्सच्या मदतीने तिची डागडुजी सुरू झाली. पुढे-मागे नकली भाग जोडून लांबी वाढवली, डोलकाठ्या उंच केल्या, वर जादा शिडे चढवली. होडी पूर्वीपेक्षा तीन इंच वर तरंगू लागली याचे विल्यम्सला कौतुक वाटले. उंच काठी, अधिक कापड, वर उचललेले अंग आणि उघडा माथा: वेग वाढवणारी प्रत्येक गोष्ट वादळात उलथवणारीही असते. हे कळायला कवी असावे लागत नाही, तांडेल असावे लागते.

घरात याच दिवसांत काय चालले होते? मेरी तेव्हा २४ वर्षांची. चार वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'ची लेखिका. तीन मुले गमावलेली, एक जिवंत, आणि पुन्हा दिवस गेलेले. तिला हे घर पहिल्या दिवसापासून नकोसे होते. १६ जूनला तिचा गर्भपात झाला. रक्त थांबेना, डॉक्टर येईना. शेलेने बर्फ मागवून तिला त्यात बसवले आणि ती वाचली. यानंतर दोनच दिवसांनी, १८ जूनला, शेलेने एका पत्रात होडीतल्या चांदण्या रात्रींचे सुख वर्णिले आणि ट्रेलॉनीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तूर्त मरायचा बेत नसला तरी जवळ असावे म्हणून जालीम विष मिळवून देण्याची विनंती केली. या पत्राच्या आधारे 'त्याला मरायचेच होते' असा तर्क करणारे लोक आहेत. मला तो पटत नाही. ज्याला मरायचे असते तो मित्राला आणि अठरा वर्षांच्या पोराला बरोबर घेत नाही.

१ जुलैला होडी लिव्होर्नोला निघाली. इंग्लंडहून ली हंट हा संपादक-मित्र बायकामुलांसह येऊन पोचला होता आणि बायरनच्या मदतीने नवे नियतकालिक काढायचे घाटत होते. जाऊ नका म्हणून मेरी रडली. सुमारे पन्नास मैलांचे अंतर होडीने सात-साडेसात तासांत कापले. पोचेपर्यंत आरोग्यखात्याची कचेरी बंद झाली होती. तिच्या परवानगीशिवाय किनाऱ्यावर पाय ठेवता येत नसे. ती रात्र त्यांनी 'बोलिव्हार'शेजारी नांगर टाकून, तिच्यावरून मागून आणलेल्या उशा घेऊन होडीतच काढली.

हंटची व्यवस्था लावण्यात आठवडा गेला. ८ जुलैला, सोमवारी, सामान भरून दुपारी दोन-तीनच्या सुमारास होडी परत निघाली. ट्रेलॉनी 'बोलिव्हार' घेऊन सोबत जाणार होता, पण बंदर सोडण्याचा परवाना त्याच्यापाशी नव्हता. तसेच निघालात तर चौदा दिवसांचे क्वारंटाइन, अशी तंबी मिळाली. त्याने नांगर टाकला. रॉबर्ट्सने मनोऱ्यावरून दुर्बिणीतून पाहिले: दूरवर होडी दिसत होती, तिच्यावरची वरची शिडे उतरवली जात होती. मग धुके आले आणि होडी दिसेनाशी झाली. साडेसहाच्या सुमारास वादळ फुटले. जेमतेम वीस मिनिटे टिकले. आकाश मोकळे झाले तेव्हा समुद्रावर तिचा मागमूस नव्हता.

वरची शिडे उतरवली जात होती. हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचले आहे. कोणीतरी त्या क्षणी योग्य ते करीत होते. सुकाणूवर कोण आणि दोरीवर कोण हे पाहणारा कोणी उरला नाही. पण त्या तिघांत दोरीवर धावणे ज्याचे काम होते तो कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

कासा माग्नीत दोघी बायका वाट पाहत राहिल्या. शुक्रवारी, १२ तारखेला, हंटचे शेलेच्या नावाने पत्र आले: वादळात सुखरूप पोचलात ना, कळवा. तेव्हा त्यांना कळले. मेरीला अजून धड चालवत नव्हते, तरी दोघी गाडी करून मध्यरात्री पिसाला बायरनच्या दारात उभ्या राहिल्या. तिथून लिव्होर्नो. पुढच्या आठवड्यात देह सापडले: विल्यम्सचा सेर्कियो नदीच्या मुखाजवळ, शेलेचा व्हियारेज्जोच्या वाळूत. समुद्राने बाहेर टाकलेली कोणतीही वस्तू रोगाच्या भीतीने चुन्यात पुरावी, असा तिथला कायदा. त्याप्रमाणे ते पुरले गेले. मग परवानगी काढून, लिव्होर्नोहून लोखंडी भट्टी करवून, ट्रेलॉनीने १५ ऑगस्टला विल्यम्सला आणि १६ ऑगस्टला शेलेला अग्नी दिला. वर तेल, मीठ, मद्य, धूप. आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही; पण ख्रिस्ती युरोपात तेव्हा देह जाळणे ही अपूर्व गोष्ट होती आणि ही कथा जगभर गेली ती मुख्यतः या ज्वाळांमुळे. बायरनला ते दृश्य सोसेना म्हणून तो पोहत आपल्या जहाजाकडे गेला. हंट गाडीतून उतरलाच नाही.

चार्ल्स व्हिव्हियनचा देह तीन आठवड्यांनी मासाच्या बाजूला सापडला. सांगाडाच उरला होता. त्या दोन दिवसांच्या दोन चितांमध्ये त्याची चिता नव्हती. तो कोणाचा मुलगा, त्याला काय पगार होता, त्याच्या घरी कोणी पत्र लिहिले काय, हे सांगायला कोणताही चरित्रकार थांबलेला मला आढळला नाही. त्याचे नाव आणि वय टिकले, हेही विल्यम्ससारखी माणसे रोजच्या नोंदी ठेवीत म्हणून.

यानंतर कथा मोठी होत गेली. सप्टेंबरमध्ये बुडालेली होडी वर काढली तेव्हा सामान बरेचसे आत होते. रॉबर्ट्सचे पहिले मत असे की ती लाटांनी भरून बुडाली. मग बाजूच्या फुटलेल्या फळ्यांवरून दुसरे मत आले: कोणत्यातरी जहाजाने तिला धडक दिली. बायरनचा पैसा होडीत आहे असे समजून लुटारूंनी ती मुद्दाम बुडवली, मरणोन्मुख कोळ्याने तसा कबुलीजबाब दिला, ही गोष्ट ट्रेलॉनीने १८७५ मध्ये वृत्तपत्रातून जगापुढे ठेवली. १८५८ च्या त्याच्या पुस्तकात एक हकीकत, १८७८ च्या आवृत्तीत तीच निराळ्या तपशिलाने. १८८१ मध्ये तो वारला आणि त्याची राख शेलेच्या शेजारी पुरली गेली. जागा त्याने साठ वर्षे आधीच घेऊन ठेवली होती. १८८९ साली फ्रेंच चित्रकार फूर्निए याने शेलेच्या चितेचे प्रसिद्ध चित्र काढले. त्यात आकाश करडे, माणसे गरम कोटांत, मेरी गुडघे टेकून बसलेली. प्रत्यक्षात तो ऑगस्टमधला कडक उन्हाचा दिवस होता आणि मेरी तिथे नव्हतीच. चित्राने उन्हाळासुद्धा पुसून टाकला. मग खलाशाच्या पोराचे काय?

लुटारू, नियती, मृत्यूची ओढ, या साऱ्या कल्पना कवीला शोभणाऱ्या आहेत. उंच केलेल्या डोलकाठ्या, नाकारलेला खलाशी, न मिळालेला परवाना आणि तापलेली हवा ही कारणे शोभिवंत नाहीत. पण माणसे बहुधा अशाच कारणांनी बुडतात. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीच्या किनाऱ्यालगत 'बायेशियन' नावाचे शिडाचे आलिशान जहाज वादळात काही मिनिटांत बुडाले. लांबी ५६ मीटर, एकुलती डोलकाठी ७० मीटरांहून उंच. जगातल्या सर्वांत उंच डोलकाठ्यांपैकी एक. भूमध्य समुद्र त्या उन्हाळ्यातही नेहमीपेक्षा अधिक तापलेला होता. जहाजावर वस्तीला असलेल्या २२ जणांपैकी ७ मेले: सहा प्रवासी, आणि सातवा जहाजावरचा आचारी. पहिला देह सापडला तो त्या आचाऱ्याचा.

लेरिचीच्या आखाताला आज 'कवींचे आखात' म्हणतात आणि उन्हाळ्यात तिथे शिडाच्या होड्यांची गर्दी असते. ते नाव असू द्यावे. शेलेचा त्यावर हक्क आहे. पण पाण्यावरची ही मोकळीक कोणाच्या तरी हातांनी ओढलेल्या दोऱ्यांवर उभी असते, आणि वादळ आले की ते हात आधी कामाला लागतात. माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती आहे. शेले शिकवताना चिता सांगा, हृदय सांगा, कीट्सचे पुस्तक सांगा. त्याबरोबर हेही सांगा की ८ जुलै १८२२ रोजी त्या होडीत तीन माणसे होती. त्यांची वये २९, २९ आणि १८.